पाणी पाजलेली इंपाला

कारभारी पगारे तसा मितभाषी माणूस. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं त्याचं काम, आणि पंप काय म्हणतो ते ऐकायचं तर आधी आपण गप्प बसावं लागतं, असं तो म्हणायचा. पण एक्याऐंशी सालच्या भीमजयंतीनंतर विहारात बैठक झाली तेव्हा तो उभा राहिला, एक वाक्य बोलला आणि खाली बसला. त्या एका वाक्यानं त्याचं पुढचं अख्खं वर्ष खाल्लं.

झालं होतं असं. मिरवणुकीसाठी सांगून ठेवलेला ट्रक ऐन सकाळी आलाच नाही. मालकानं निरोप धाडला, गाडी ओझरला गेलीय. सगळी नाशिक रोडची कॉलनी पांढरे कपडे घालून विहारासमोर उभी, आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवायला वाहन नाही. शेवटी सायकलवाल्या काळू केदारेनं त्याच्या भावाची केळ्यांची हातगाडी आणली. तिच्यावर पांढरी चादर टाकली, तसबीर ठेवली, आणि कारभारीनं मागून दांडी धरली. चौकात डांबराच्या खड्ड्यात चाक अडकलं. कारभारीनं खांदा लावला. तेवढ्यात पानाच्या टपरीपाशी उभा असलेला कुणीतरी हसत म्हणाला, “लोटा रे, लोटा. तुमचं कधी आपोआप चाललंय का?”

ढोल वाजत होते. पुष्कळांना ते ऐकूही गेलं नाही. कारभारीला गेलं.

म्हणून बैठकीत तो म्हणाला, “पुढच्या जयंतीला आपल्या मालकीची मोटार असेल, आणि ती स्वतःच्या इंजिनानं चालंल.”

मंडळाचे अध्यक्ष निवृत्ती गुरुजी चष्मा पुसत त्याच्याकडे बघत राहिले. काळू म्हणाला, “कारभारी, तुझ्याकडं सायकलय. तिचंबी मागचं चाक माझ्या दुकानात पडलंय.”

लोक हसले. पण कारभारीच्या डोक्यात एक गाडी होती.

त्याचं मूळ गाव चांदवडजवळ. तिथले खंडेराव कांद्याचे व्यापारी. भाव तेजीत होता त्या काळात त्यांनी मुंबईच्या एका लिलावातून अमेरिकन इंपाला आणली होती. आठ सिलिंडरचं इंजिन, चार या बाजूला, चार त्या बाजूला. निळा रंग, मागं पंखांसारखा पसरलेला पत्रा, स्टिअरिंग डावीकडं. आग्रा रोडनं ती निघाली की ढाब्यावरचे ड्रायव्हर चहा सोडून उभे राहायचे. पुढं त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला पेट्रोल महागलं आणि दारातला हत्ती पोसवेना झाला. ड्रायव्हर सोडून गेला. गाडी कांदा साठवायच्या चाळीच्या एका टोकाला लागली, आणि हळूहळू तिच्या टपावरसुद्धा कांद्याची पोती आली.

दिवाळीनंतर खंडेरावांचं विहिरीवरचं इंजिन बिघडलं तेव्हा कारभारी रजा काढून गेला. इंजिन ठाकठीक करून दिलं, आणि हात पुसत त्यानं गाडीची गोष्ट काढली.

“ती?” खंडेराव म्हणाले. “घेऊन जा. पोरं रोज माझ्या नावानं शंख करत्यात, तेवढ्या जागेत कांदा मावला असता म्हणून. पण चालू होईल का रं ती?”

“बघतो, अण्णा.”

“ट्रॅक्टर जोडतो. दोरखंड हाय. नाशिकपर्यंत ओढत नेऊ.”

“नको. ओढायची नाय.”

“का?”

“टायर गेल्यात. रस्त्यात रिमा खातील.”

टायर गेले होते हे खरं होतं. तरी खंडेरावांनी त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं, कारण तो ते फार चटकन बोलला होता.

नाशिक रोडच्या मालधक्क्यावर कांदा घेऊन जाणारा ट्रक बांधाला लावला, फळ्या टाकल्या, आणि माणसांनी गाडी त्यात चढवली. हे सगळं खंडेरावांची आई धोंडाबाई ओट्यावरून बघत होती. लेक सासरी निघावी तसा चेहरा. काम संपल्यावर कारभारीनं पाणी मागितलं. तिनं तांब्या आणला. कारभारी वाकला, ओंजळ धरली, आणि तिनं वरून धार सोडली. गावात त्याला पाणी असंच मिळत आलं होतं. दोघांनाही त्यात काही नवल नव्हतं.

“तिला उपाशीतापाशी ठेवली नाय हो मी,” म्हातारी म्हणाली. “डायव्हर गेला तेव्हापासून दर दसऱ्याला तांब्याभर पाणी पाजलं. अवसेलाबी पाजायची. मुकी वस्तू, सांगणार कुणाला?”

कारभारीला वाटलं, रेडिएटरमध्ये. तो तोंड पुसत म्हणाला, “बरं केलंत, माय.”

गाडी विहाराशेजारच्या लिंबाखाली उतरली. सगळी कॉलनी जमली. शकुबाई, कारभारीची बायको, पदर खोचून एक चक्कर मारून आली.

“घरात आपल्याला कूस बदलायची तर बाकीच्यांना उठवावं लागतं,” ती म्हणाली. “आन् तुम्ही सहा जणांची जागा खाणारी पाहुणी आणलीत.”

काळूनं डावीकडचं स्टिअरिंग पाहिलं. “बरोबर आपल्यात आली. हिलाबी डावंच वाढलेलं दिसतंय.”

पाळी संपली की कारभारी थेट गाडीकडं यायचा. टायरांचा बंदोबस्त भंगारबाजारातून झाला. ब्रेकच्या नळ्या त्यानं स्वतः वळवल्या. सीटच्या कापसात उंदरांनी संसार थाटले होते, ते उठवले. हे सगळं बाहेरचं. आत इंजिन घट्ट धरून बसलं होतं. पुढच्या मोठ्या नटाला लांब पाईप लावून तो आणि काळू लोंबकळले तरी तसूभर हललं नाही. त्यानं प्लग काढले, आठही भोकांत रॉकेल आणि तेल ओतलं आणि वाट बघितली. पंपांच्या धंद्यात हे त्याला माहीत होतं: गंज जबरदस्तीला बधत नाही, मुरलेल्या तेलाला बधतो. आठवडे गेले. इंजिन बधलं नाही.

मग एका रविवारी त्यानं खालून जुनं तेल सोडायचं ठरवलं. घमेलं लावलं, तळाचा नट सैल केला. काळं दाट तेल यायला हवं होतं. आलं ते पाणी. तांबूस, गढूळ पाणी. येतच राहिलं. घमेलं भरलं, दुसरं लावलं. तेल आलं ते सगळ्यात शेवटी, पाण्यावर तरंगत होतं ते.

घमेल्यात बोट फिरवून त्यानं काहीतरी वर काढलं. काळं पडलेलं तुळशीचं पान होतं. मग फुगून विरघळायला आलेले तांदळाचे दाणे. अक्षता.

तो गाडीखालून बाहेर आला आणि बॉनेटपाशी उभा राहिला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक उभी नळी होती. तिला टोपण. तेल भरायची जागा. कुणालाही वाटावं की हे गाडीचं तोंड आहे. रेडिएटरचं झाकण बिचारं खाली, अडचणीत, घट्ट. म्हातारीनं समोर दिसलेलं तोंड उघडलं होतं, आणि वर्षानुवर्षं, हळदकुंकू लावून, हात जोडून, त्यात तांब्या रिकामा केला होता.

“कुण्या वैऱ्याचं काम हाय हे,” काळू म्हणाला.

“वैरी नाय,” कारभारी म्हणाला.

इंजिन उतरवून खोललं. पाणी जिथवर साचलं होतं तिथवर क्रँकवर, म्हणजे सगळे पिस्टन ज्याच्यावर नाचतात त्या मधल्या दांड्यावर, रेघ पडली होती. रेघेच्या वर लोखंड चकचकीत. खाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कारभारीनं अंगठ्याच्या नखानं एकेक खड्डा चाचपला. नख अडकत होतं. नख अडकलं की बेअरिंग टिकत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो क्रँक पोत्यात गुंडाळून सातपूरला एका लेथवाल्याकडं घेऊन गेला. त्यानं दिव्याखाली फिरवून पाहिला.

“घासून देतो,” तो म्हणाला. “पण घासला की बारीक होणार. त्या मापाचं बेअरिंग कुठून आणाल? मुंबईत नाही मिळायचं.”

“असाच बसवला तर?”

“बसेल की. फिरेलसुद्धा. किती वेळ, ते मला विचारू नका.”

परत येताना बसमध्ये कारभारी पोतं मांडीवर घेऊन बसला आणि हिशेब करत राहिला. मिरवणुकीची वाट, विहार ते पुतळा आणि परत. चालत्या माणसाच्या चालीनं. इंजिनाला ओझं नाही, घाई नाही. एवढंच तर हवं होतं. त्यानंतर मेली तरी चालेल. असा पंप एकलहऱ्याला असता तर त्यानं स्वतःच्या हातानं त्याला ‘चालवू नका’ची लाल चिठ्ठी बांधली असती आणि साहेब ओरडला तरी सोडली नसती. हेही त्याला बसमध्ये कळत होतं.

घरी शकुबाईनं विचारलं, “काय म्हणाला?”

“होतंय म्हणाला.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ती नवऱ्याचा आवाज ओळखायला शिकली होती, तो पंपांचे ओळखायचा तसा. ती भाकरी थापत राहिली.

मार्चमध्ये निवृत्ती गुरुजी आले. हात मागं बांधून गाडीभोवती फिरले. “कारभारी, एखादा ट्रक सांगून ठेवू का? नुसता सांगून ठेवायचा.”

“नको, गुरुजी.”

“राग नको मानू. आपली माणसं आस लावून बसलीत.”

“म्हणूनच नको.”

त्यानं क्रँक पॉलिशपेपरनं दिवसच्या दिवस घोटला. जुन्या बेअरिंगांच्या पाठीला कागदासारखे पातळ पत्रे घातले. गॅस्केट हातानं कापलं. सगळं बसवून झाल्यावर पुढच्या नटाला पाईप लावला, आणि इंजिन फिरलं. जड, पण फिरलं. कारभारी तिथंच मातीत बसला. काळूनं त्याला बिडी पेटवून दिली आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

जयंतीच्या आधीच्या रविवारी बॅटरी जोडली. दोनदा नुसताच घरघराट झाला. तिसऱ्यांदा खोकला आला, निळा धूर आला, आणि गाडी सुरू झाली. आधी अडखळत, काही सिलिंडर मुके. मग एकेक करत बोलायला लागले. लिंबावरचे कावळे उडाले. शकुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. निवृत्ती गुरुजी टोपी न घालताच धावले. तो आवाज छातीच्या पिंजऱ्यात घुमायचा. कारभारी स्टिअरिंगमागं बसला, गिअर टाकला, आणि गाडी आपोआप पुढं सरकली. कुणीही हात लावला नव्हता. लिंबापासून विहाराच्या फाटकाकडं, आपली आपण.

तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. खालून, खोलातून. टक. टक. टक.

त्यानं ओळखलं, बेअरिंग जात होतं. त्या क्षणी चावी फिरवली असती तर बरंच काही वाचलं असतं. पण शकुबाई हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अशी सगळ्यांसमोर तोंडावर हात न धरता हसलेली त्यानं पाहिलीच नव्हती. त्यानं चावी फिरवली नाही. फाटकापर्यंत तरी, म्हणाला.

फाटक आलं नाही. आत कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. पिस्टनचा दांडा इंजिनाच्या बाजूची बिडाची भिंत फोडून बाहेर आला, तेल भसकन मातीत सांडलं, आणि सगळं गप्प झालं.

मग काळू हळूच म्हणाला, “जोडता येईल का?”

“नाय,” कारभारी म्हणाला.

जयंतीच्या सकाळी तो उठला तेव्हा गाडी सजलेली होती. कुणाला राहवलं नव्हतं. वर्षभर जिची वाट बघितली तिला तशीच कशी सोडायची? निळा पत्रा पुसून चकचकीत केला होता, फुटलेल्या बाजूवर झेंड्याचं कापड सोडलं होतं, बॉनेटवर तसबिरीसाठी चौरंग बांधला होता. ट्रक सांगितलेला नव्हता. आणि काळू पुढच्या बंपरला जाड दोरखंड बांधत होता.

“शंभर पोरं तयार हायेत, कारभारी,” तो उत्साहानं म्हणाला. “नुसती ओढायची. लांबून कुणाला कळतंय इंजिन चालू हाय का बंद?”

कारभारी दोरखंडाकडं बघत उभा राहिला. त्याचा बाप झुंबर. त्याच्या खांद्यावर असाच दोर असायचा. गावात कुणाचा बैल मेला की सांगावा यायचा, मग झुंबर आणि त्याचे भाऊ जायचे, मेलेल्या जनावराच्या पायांना दोर बांधायचे आणि वेशीबाहेर ओढत न्यायचे. ते त्यांचं काम होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. ज्या वर्षी धम्म घेतला त्या वर्षी झुंबरनं तो दोर विळ्यानं तुकडे तुकडे करून चुलीत घातला होता. ओला होता, जळेना. घरभर धूर झाला होता. तो धूर कारभारीला आठवत होता.

“सोड तो,” कारभारी म्हणाला.

“अरे पण..”

“मेलेलं ओढायचं आपण सोडलंय, काळू.”

काळूचा हात गाठीवरच थांबला. पोरांना काही कळलं नाही. पण मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या. कॉलनीतली सगळ्यात थोरली ठमाबाई काठी टेकत पुढं आली, खाली बसली, आणि तिनं ती गाठ स्वतः सोडवली. दोरखंड गुंडाळून काळूच्या हातात दिला. “जा, हातगाडी आण,” म्हणाली.

हातगाडी आली. तीच. यंदा तिच्यावर टरबुजांचे डाग होते. चादर टाकली. कारभारीनं मागून दांडी धरली. त्याला कुणी धर म्हटलं नव्हतं. चौकात चाक त्याच खड्ड्यात गेलं, कारण वर्षभरात खड्डा कुणी बुजवला नव्हता. टपरीपाशी माणसं उभी होती. कुणी काही बोललं का नाही, ते कारभारीला ऐकू आलं नाही. त्यानं खांदा लावला आणि लोटलं.

भंगारवाला आला तो साखळी घेऊन. “ओढून नेतो,” म्हणाला. कारभारीनं त्याला परत पाठवलं. गाडी त्यानं होती तिथंच तोडली, हॅकसॉनं आणि पान्यानं, रोज पाळी संपल्यावर. तुकडे उचलून नेण्याजोगे झाले की न्यायला दिले. निवृत्ती गुरुजी एकदा येऊन म्हणाले, “मंडळानं पुढच्या वर्षासाठी ट्रक ठरवलाय.” कारभारी “बरं” म्हणाला. त्यानंतर तो बैठकांना जायचा, पण भिंतीला टेकून बसायचा.

दसऱ्याला, म्हणजे कॉलनीच्या धम्मचक्राच्या दिवशी, विहारात वंदना चालू असताना एक जीप येऊन थांबली. खंडेराव मालधक्क्यावर जायला निघाले होते, आणि म्हातारीनं हट्ट धरला म्हणून तिला सोबत आणलं होतं. ते तिला उतरवून पुढं गेले. धोंडाबाईच्या हातात तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेला.

“दसरा ना,” ती म्हणाली. “म्हटलं, तहानली असंल. कुठं हाय ती?”

लिंबाखाली तेलानं काळी पडलेली माती होती. बाजूला गाडीची पुढची सीट होती, तिच्यावर दुपारी म्हातारे बसायचे. कारभारीनं धोंडाबाईला तिथं बसवलं. शकुबाई पांढऱ्या लुगड्यात बाहेर आली, पाण्याचा पेला पुढं केला. “आत्ताच प्याले बाई, वाटंत,” म्हातारी म्हणाली. पेला शेजारी सीटवर ठेवला गेला.

“गाडी गेली, माय,” कारभारी म्हणाला.

“आगं आई. कशानं रं?”

विहारातून वंदनेचा सामुदायिक आवाज येत होता.

“वय झालं होतं.”

“पाण्यावाचून तर नाय ना गेली? मी नेमानं पाजलं होतं.”

“नाय. पाण्याची कमी नव्हती तिला.”

म्हातारीनं सुटकेचा श्वास टाकला. गाडीच्या सीटवरून एकवार हात फिरवला, डोळे पुसले. मग मांडीवरच्या तांब्याकडं तिचं लक्ष गेलं. “आता हे परत कुठं नेऊ? घे, तूच पी. घरच्या विहिरीचं हाय, गार हाय.”

तिनं फडकं सोडलं. शकुबाई दारातून बघत होती. कारभारी पुढं झाला, तांब्या घ्यायलाच पुढं झाला होता, आणि त्याची कंबर वाकली, त्याचे दोन्ही हात आपोआप एकमेकांना लागले आणि ओंजळ झाली.

धोंडाबाईनं वरून धार धरली. पाणी गार होतं. तो प्यायला.